जर्सी गाय डुकरापासून बनवली म्हणे! त्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

"जर्सी ही गाय नाहीच" हा मेसेज गेली काही वर्षं फिरतोय, तुम्हालाही आला असणारच, खाली हात जोडलेले इमोजी आणि "कमीत कमी दहा ग्रुपवर पाठवा". आजवर मी तो डिलीट करून गप्प बसायचो. या वेळी तो आमच्या घरच्या ग्रुपवर बापूकाकांनी टाकला, आणि माझा चुलतभाऊ, ज्याच्या गोठ्यात सगळ्या संकरित गायी आहेत आणि ज्याचं घर दुधाच्या पगारावर चालतं, तो मला फोनवर सांगतो की लाळ्या-खुरकूतची लस टोचायला आलेल्यांना त्याने दारातून परत पाठवलं. म्हटलं आता बास.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेजमधले दावे थोडक्यात. जर्सी इंग्रजांनी प्रयोगशाळेत डुकराच्या जनुकांपासून तयार केली. तिला वशिंड नाही म्हणजे सूर्याची किरणं शोषून घेणारी सूर्यकेतू नाडी नाही. तिचं ए१ दूध विष आहे. ब्राझीलने आपली गीर नेली आणि आपल्याला कचरा दिला. कृत्रिम रेतनाने गायी वांझ होतात. लशींनी गाय गाभडते, दूध आटतं, म्हणून लस टोचू देऊ नका. आणि दुधासाठी इंजेक्शनं मारतात.

डुकराचं आधी, कारण लोकांना तेच सगळ्यात जास्त पटतं, का ते देव जाणे.

जर्सी हे एका बेटाचं नाव आहे. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, इंग्लिश खाडीत, जेमतेम ११८ चौरस किलोमीटरचं. तिथल्या लोकांना आपल्या गुरांची एवढी काळजी की १७८९ मध्ये बाहेरची गुरं बेटावर आणायला कायद्यानेच बंदी घातली आणि त्या जातीची वंशावळीची नोंदवही १८६६ पासून आहे. आता बघा, आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध छापून आला तोसुद्धा १८६६ मध्येच, आणि त्याकडे पुढची तीसेक वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. डीएनएची रचना कळली १९५३ ला. एकाचं जनुक कापून दुसऱ्यात जोडायचं तंत्र आलं १९७३ च्या सुमाराला. मग ही प्रयोगशाळा नक्की कुठल्या साली होती आणि तिथे वीज तरी होती का?

बरं, डुकराची गुणसूत्रं ३८, गायीची ६०. गीरची ६०, खिल्लारची ६०, जर्सीचीही ६०च. डुक्कर रवंथ करत नाही, त्याची पिल्लं पावणेचार महिन्यांत होतात, गाय नऊ महिने नऊ दिवस घेते, जर्सी पण तेवढेच घेते, हे काकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यांनी आयुष्यभर गायी व्यालेल्या बघितल्यात. घोडा-गाढवाचं खेचर वांझ निघतं कारण ते दोन वेगळे प्राणी आहेत. गीर आणि जर्सीच्या संकरातली कालवड मात्र मोठी होते, माजावर येते, भरवली की गाभण राहते, वेतावर वेत देते. ती वांझ का निघत नाही, याचं उत्तर मेसेजवाल्याने द्यावं.

तरी कुणाला पुरावाच पाहिजे असेल तर एक भक्कम पुरावा आहे. २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात गायीचा संपूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा आराखडा, छापून आला, आणि त्याच्यासोबत दुसरा एक पेपर होता ज्यात १९ जातींच्या ४९७ गुरांचा डीएनए शेजारी शेजारी ठेवून तपासला. त्या १९ जातींत जर्सी होती आणि आपली गीर पण होती. काय निघालं? वशिंडवाली गुरं एका बाजूला, युरोप-आफ्रिकेतली बिनवशिंडाची दुसऱ्या बाजूला, आणि जर्सी अगदी जिथे असायला पाहिजे तिथे, होल्स्टीन वगैरे युरोपातल्या इतर गायींच्या शेजारी. दोन्ही गटांचा मूळ पूर्वज एकच रानटी बैल, ऑरॉक्स, फक्त माणसाने त्याला दोन वेगळ्या ठिकाणी माणसाळवलं, एकदा पश्चिम आशियात आणि एकदा आपल्याकडे सिंधूच्या खोऱ्याच्या बाजूला. म्हणजे मेसेजमधलं "बॉस टॉरस (बिनवशिंडाची) वेगळी, बॉस इंडिकस (वशिंडवाली) वेगळी" एवढं वाक्य बरोबर आहे. त्यावरून "म्हणून ती डुक्कर" हे कसं निघतं ते मला कुणी समजावून सांगा.

जर्सीच्या मागे विज्ञान नाही असं मी म्हणत नाही, आहे, पण ते काचेच्या नळ्यांचं कमी आणि वहीचं जास्त आहे. १८९० मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्टीफन बॅबकॉक नावाच्या माणसाने दुधातली फॅट मोजायची सोपी पद्धत काढली आणि पेटंट घेतलं नाही. १८९५ मध्ये डेन्मार्कमधल्या शेतकऱ्यांनी मंडळ काढून गायवार दुधाच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. कुठली गाय किती देते, फॅट किती, तिच्या पोरी किती देतात, कुठल्या वळूच्या पोरी चांगल्या निघतात, हे पिढ्यानपिढ्या लिहून ठेवलं आणि त्यातून निवडत गेले. डेअरीवर दूध घातल्यावर जी फॅट लागते आणि जिच्यावरून काका दर दहा दिवसांनी सचिवाशी भांडतात, ती मोजायची सुरुवात तिथलीच.

सूर्यकेतू नाडी: वशिंडात मांस आणि चरबी असते. पुढे.

ए१ दूध. यात थोडं तथ्य आहे म्हणून हा मुद्दा एका ओळीत उडवत नाही. दुधात बीटा-केसिन नावाचं प्रथिन असतं, त्याच्या साखळीत ६७ व्या जागी एका प्रकारात प्रोलिन असतं (ते ए२) आणि दुसऱ्यात हिस्टिडीन (ते ए१). आपल्या देशी गायींत बहुतेक ए२ असतं, हे खरं. काही लोकांना ए२ दूध पोटाला हलकं वाटतं, असेल, वाटू दे. पण डायबेटिस आणि हृदयविकाराच्या आरोपांची छाननी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये केली आणि ए१ मुळे हे आजार होतात असा कार्यकारणसंबंध दिसत नाही असंच सांगितलं. आणि म्हशीचं दूध ए२ असतं, जे निम्मा महाराष्ट्र पितोच, मग ए२ म्हणून विकतात त्या दुप्पट-तिप्पट भावाच्या बाटल्या कशासाठी? मेसेजच्या शेवटी तूप मागवायला एक मोबाईल नंबर होता, तो काकांनी बहुतेक वाचला नाही.

ब्राझीलचा किस्सा. गीर गुजरातेतून तिकडे गेली, खरंय, आणि तिकडे ती भरपूर दूध देते हेही खरंय. पण कशामुळे? तिथल्या गीर पाळणाऱ्यांच्या संघटनेने आणि एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेने १९८५ पासून गीर वळूंची त्यांच्या पोरींच्या दुधावरून परीक्षा घेतली आणि निवडलेल्या वळूंच्या वीर्यकांड्या देशभर वापरल्या, म्हणजे कृत्रिम रेतनच. म्हणजे ज्या गोष्टीला हा मेसेज चौथ्या ओळीत डोक्यावर घेऊन नाचतो त्यालाच पाचव्या ओळीत शिव्या देतो. शिवाय ब्राझीलचं बरंच दूध गिरोलांडोचं, आणि ती म्हणजे गीर आणि होल्स्टीनचा संकर! आमच्याकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले त्रिवेणी ही संकरित गाय केली ती पण गीर, एचएफ (म्हणजे होल्स्टीन) आणि जर्सी मिळूनच.

इथे एक गोष्ट मान्य करतो, काकांसमोर करणार नाही. संकर करताना आपल्याकडे अतिरेक झाला. दुष्काळी गावात, जिथे उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, तिथेही एचएफचं रक्त वाढवत नेलं, मग गाय उन्हाने धापा टाकते, गोचीड लागतात, त्यांच्यातून थायलेरियाचा ताप येतो, कासदाह होतो, डॉक्टरचं बिल दुधाच्या पगाराला खाऊन टाकतं. संकरित गोऱ्ह्याला औताला कुणी विचारत नाही. आणि खिल्लार, डांगी, देवणी यांच्याकडे त्या नादात दुर्लक्ष झालं. हे सगळं खरं आहे, आणि यावर भांडायचं तर मी काकांच्या बाजूने भांडेन. पण खिल्लार ही मुळात ओढकामाची जात, तिचं वासरू पिऊन उरलेल्या दुधावर डेअरीचा कॅन भरत नाही, हे पण त्याच दमात बोलायला पाहिजे.

कृत्रिम रेतनाने वांझ: गाय उलटते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही, ती बहुतेक वेळा माज नीट न ओळखल्यामुळे, वेळ चुकल्यामुळे किंवा खनिजं कमी पडल्यामुळे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, एवढं पाळलं तरी फरक पडतो. उलट गावातला एकच वळू सगळ्यांच्या गायींवर सोडला तर काही रोग तोच गोठ्यागोठ्यात पोचवतो. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ ही संस्था सुरू केली, तिथून गोठवलेलं वीर्य गावोगाव गेलं, आणि आज चांगल्या गीर-साहिवाल वळूच्या कांड्यासुद्धा याच रस्त्याने मिळतात.

आता लस. इथे माझा आवाज चढतो, चढू दे.

मेसेज म्हणतो देशी गायीला रोग होत नाहीत, लशी हे परदेशी गायींसोबत आलेलं खूळ. मग बुळकांडी, गुरांचा तो जीवघेणा साथीचा रोग, कुणाला व्हायची? जर्सी या मुलुखात कुणी पाहिलीही नव्हती तेव्हापासून गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे, गावरान गुरांचेच. गुरांच्या साथींवर काम करायला १८८९ मध्ये सरकारी प्रयोगशाळा निघाली ती आपल्या पुण्यात, पुढे ती उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला गेली, आज तिलाच आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था, म्हणतात. मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात एडवर्ड्सने बकऱ्यांमध्ये वाढवलेल्या विषाणूची लस केली, नंतर १९६० च्या सुमाराला केनियात प्लाउराइटने त्याहून सुरक्षित लस केली, आणि गावोगाव टोचून टोचून तो रोग मागे हटवला. भारतातली शेवटची साथ १९९५ ची. २०११ मध्ये बुळकांडी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. लशीने पृथ्वीवरून पुसून टाकलेले रोग दोनच, माणसाची देवी आणि गुरांची बुळकांडी. आज तिशीतल्या शेतकऱ्याला हा शब्द शिवी म्हणूनच माहीत आहे, रोग म्हणून नाही.

लम्पीच्या वेळी, २०२२ ला, हेच मेसेज फिरले, दूध पिऊ नका, लस टोचू नका. लम्पी माणसाला होत नाही. आणि ती देशी-विदेशी बघत नव्हती, गावरान गुरं पण गेली, बैल गेले. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचून बराच बचाव झाला.

लाळ्या-खुरकूतचं तर विचारूच नका. तोंडात फोड, खुरात जखमा, लाळ गळतेय, गाय वैरणीला तोंड लावत नाही, लहान वासरं हृदयाच्या स्नायूला सूज येऊन पटकन जातात, आणि वाचलेली गाय त्या वेतात पहिल्या दुधावर बहुधा येत नाही. संकरित गायीला हा रोग देशीपेक्षा जास्त झोडपतो, म्हणजे ज्या भावाने लसवाल्यांना परत पाठवलं त्यालाच लशीची गरज सगळ्यात जास्त! लस टोचल्यावर दोन-चार दिवस दूध थोडं कमी होतं, एखादीला ताप येतो, गाठ येते, हो, येते. ते परत भरून येतं. गाय शेवटच्या महिन्यांत गाभण असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं, ते ठरवतील. वासराला चार महिन्यांचं झाल्यावर पहिली, महिन्याने बूस्टर, मग दर सहा महिन्यांनी. सरकारी मोहिमेत फुकट टोचतात. "शास्त्रज्ञ आणि कंपन्या मिळून लुटतात" म्हणणाऱ्याने फुकटात कसं लुटतात तेवढं सांगावं.

राहिलं इंजेक्शन. पान्हा सोडायला ऑक्सिटोसिन मारतात, हे खरं आहे, वाईट आहे, आणि डॉक्टरशिवाय असं रोज टोचणं बंद व्हायला पाहिजे. त्याने दूध वाढत नाही, कासेत असलेलंच खाली येतं. पण हे सगळ्यात जास्त वासरू मेलेल्या म्हशीला टोचतात, आणि म्हैस तर या मेसेजमध्ये कुठेच नाही.