जर्मनीत आपल्या डिग्रीची खरंच रद्दी होते का?

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला आणि जर्मनी हा आपल्याकडे घरोघरी बोलण्याचा विषय झाला. मागोमाग फॉरवर्डही सुरू झाले. त्यातला सगळ्यात जास्त फिरणारा साधारण असा: ‘जर्मनीत आपल्या डिग्रीची रद्दी होते. नर्सला म्हाताऱ्यांचे डायपर बदलायला लावतात. परीक्षा घेतात त्या नापास करायलाच. सीरियाच्या निर्वासितांना मात्र कागद न बघता डॉक्टर करतात. एजंटशिवाय पान हलत नाही. भाषेचं टेन्शन घेऊ नका, तिथे गेलं की आपोआप येते.’

मी नर्सिंग झालेल्या मुलींना जर्मन शिकवते. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी हा फॉरवर्ड दाखवतंच. एखाद-दुसरी गोष्ट त्यात अर्धी खरी आहे, म्हणून तो मरत नाही.

रद्दीपासून सुरुवात करू. जर्मनीत एप्रिल २०१२पासून परदेशी शिक्षणाच्या मान्यतेचा कायदा आहे. कुठल्याही देशाच्या माणसाला, अगदी तो अजून आपल्या गावात बसलेला असला तरी, आपलं शिक्षण तिथल्या शिक्षणाशी ताडून बघा असा अर्ज करता येतो, आणि तिथल्या मान्यता देणाऱ्या कार्यालयाला कारणांसह लेखी निर्णय द्यावा लागतो. शिवाय ही मान्यता प्रत्येकाला लागतही नाही. आयटीवाल्याला लागत नाही, कंपनीत काम करणाऱ्या इंजिनिअरला सहसा लागत नाही. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, शाळाशिक्षक अशा कायद्याने बांधलेल्या पेशांना ती लागतेच.

नर्सच्या हातात पडणारा निर्णय वाचला की चित्र स्पष्ट होतं. जर्मनीत नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं: २,१०० तास वर्गात, २,५०० तास प्रत्यक्ष कामावर. २०२०पासून लहान मुलं, मोठी माणसं आणि वृद्ध या सगळ्यांच्या शुश्रूषेचं शिक्षण तिथे एकत्रच दिलं जातं. आपल्या जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेल्या मुलीकडे प्रसूती आणि कम्युनिटी हेल्थचे तास भरपूर असतात, वृद्धांच्या शुश्रूषेचे कमी. म्हणून बहुतेकींना अर्धवट मान्यता मिळते आणि कुठे काय कमी पडलं ते निर्णयात विषयवार लिहिलेलं असतं. पुढे दोन वाटा: हॉस्पिटलमध्ये काम करत तेवढाच भाग भरून काढायचा, नाहीतर परीक्षा द्यायची. पहिल्यापासून नर्सिंग शिकायला कुणी बसवत नाही.

इथे खरी गोम आपल्याकडची आहे. कॉलेजने दिलेल्या ट्रान्सक्रिप्टवर कित्येकदा फक्त विषय आणि मार्क असतात. कोणत्या वॉर्डात किती तास काम केलं, याचा पत्ताच नसतो. तिकडे मोजणारा माणूस कागदावर नसलेले तास मोजणार कसे? मुलीने रात्र-रात्र आयसीयूत काढलेली असते आणि निर्णयात त्या रकान्यात शून्य येतं. या रद्दीचा कारखाना जर्मनीत नाही, आपल्या कॉलेजच्या ऑफिसात आहे. (तिथल्या क्लार्कला ‘तासांसकट हवंय’ म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासारखं असतं.)

डायपरचं काय? बदलावे लागतात. पण पूर्ण मान्यता मिळालेली, तिथेच शिकलेली जर्मन नर्सही ते बदलते. रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं हे तिथे नर्सचंच काम आहे, कारण अंग पुसताना त्वचा, सूज, श्वास सगळं दिसतं. आपल्याकडे ते मावशी करतात किंवा पेशंटची सून करते. यात अपमान कसला? तक्रार करायची तर वेगळी करा: पूर्ण मान्यता मिळेपर्यंत हाताखालची मदतनीस म्हणून कमी पगारावर राबावं लागतं, आणि हा काळ रखडला की मालकाचं फावतं. ही तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण फॉरवर्डमध्ये नेमकी तीच नाही.

‘परीक्षा नापास करायलाच असतात’ म्हणणाऱ्यांनी डॉक्टरांची भाषेची परीक्षा काय असते ते बघावं. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. आधी पेशंटची भूमिका करणाऱ्या माणसाशी बोलून हिस्टरी घ्यायची, मग ती लिहून काढायची, मग वरिष्ठ डॉक्टरला तीच केस सांगायची. पेशंटशी साध्या जर्मनमध्ये, डॉक्टरशी वैद्यकीय भाषेत. ज्ञानाची परीक्षा वेगळी, तोंडी आणि प्रत्यक्ष, भर मेडिसिन आणि सर्जरीवर. नापास झालात तर ती आणखी दोनदा देता येते. अवघड आहे, पण सोमवारी सकाळी वॉर्डात जे करायचं आहे तेच विचारतात.

निर्वासितांबद्दलचं वाक्य तर साफ उलटं आहे. युद्धातून पळालेल्या डॉक्टरकडे कागद नसतील आणि ते मिळवणं त्याच्या हातात नसेल, तर कायदा त्याला बाहेर हाकलत नाही, ज्ञानाची परीक्षा द्यायला लावतो. म्हणजे ज्याच्याकडे कागद आहेत त्याचे कागद आधी ताडून बघतात, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला थेट परीक्षेला बसवतात. याला सवलत म्हणायचं? इलेक्ट्रिशियनसारख्या कारागिरांसाठी तर प्रत्यक्ष कामाचा नमुनाच मागतात: तज्ज्ञासमोर उभं राहून काम करून दाखवायचं आणि त्यावरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. आपल्यातल्या कुणाचे कागद पुरात गेले असतील, तर हीच तरतूद त्यालाही लागू होते.

जर्मनीतल्या परदेशी डॉक्टरांमध्ये सर्वात मोठा गट सीरियन आहे, २०२३च्या अखेरीस तो सुमारे सहा हजारांचा होता. डिसेंबर २०२४मध्ये सीरियातली असदची सत्ता कोसळली आणि ‘आता सीरियनांना परत पाठवा’ अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा हे डॉक्टर गेले तर आमचं कसं होणार, अशी काळजी तिथल्या हॉस्पिटलांच्या संघटनेनेच बोलून दाखवली. फुकटात डॉक्टर झालेल्यांसाठी कुणी असा जीव टाकत नाही.

एजंटबद्दल थोडक्यात. मान्यता विकत मिळत नाही. अर्ज स्वतः करता येतो, फी काहीशे युरोच्या घरात असते, आणि परदेशात राहणाऱ्या अर्जदारांना फुकट सल्ला देणारं सरकारी केंद्र बॉनमध्ये २०२०पासून चालू आहे. केरळच्या कित्येक नर्सेस तिथल्या नॉर्का या सरकारी संस्थेमार्फत जातात, त्यांच्याकडून भरतीचे पैसे घेतले जात नाहीत. आपल्याकडे मात्र आई दागिने गहाण ठेवते.

आणि भाषा आपोआप येते म्हणे. भाषेच्या पायऱ्या ए-वनपासून सी-टूपर्यंत चढत जातात. नर्सला बी-टू लागते, डॉक्टरला सी-वनच्या पातळीची वैद्यकीय जर्मन. मार्च २०२४पासून एक नवी सोय झाली आहे: नोकरीचा करार आणि आपल्या देशात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं शिक्षण असेल, तर ए-टूवर तिथे जाऊन मान्यतेचं पुढचं काम करता येतं. पण तिथे रात्रपाळीत श्वेबिश या तिथल्या बोलीत कुरकुरणारे आजोबा ए-टूवाल्याला काही उमगू देत नाहीत.

फॉरवर्डमध्ये न आलेली खरी अडचण म्हणजे वेळ. सोळा राज्यं, आणि डॉक्टर-नर्सच्या मान्यतेची कार्यालयं राज्यागणिक वेगळी. कायद्यात काही महिन्यांची मुदत आहे, पण ती फाइल पूर्ण झाल्यावर सुरू होते, आणि फाइल पूर्ण होणं हीच मारामार. आपल्या कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (नोंदणी चालू आहे आणि कारवाई झालेली नाही, असा दाखला) बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांच्या आतलं लागतं. ते हौसेने सगळ्यात आधी काढून ठेवलं, तर शपथबद्ध अनुवादकाकडून बाकीचे कागद येईपर्यंत ते शिळं होतं आणि पुन्हा मुंबईची फेरी. म्हणून मुलींना मी क्रम सांगते: आधी कॉलेजकडून तासांसकट ट्रान्सक्रिप्ट, मग भाषेचं प्रमाणपत्र, मग अनुवाद, आणि गुड स्टँडिंग अगदी शेवटी.