वाफेचं इंजिन की वाफेचं सोंग?

माथेरानच्या गाडीला 'वाफेच्या इंजिनाचा लूक' दिला, तेव्हा तीन जणांनी मला आवर्जून फोटो पाठवले. मी रेल्वेवेडा, त्यात आजोबा भुसावळला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे. मी खूश होईन असं त्यांना वाटलं असणार. आत डिझेल, वर चिमणी! अहो, हे म्हणजे बोहल्यावर पुतळा उभा करून लग्न लावणं झालं. गुजरातेत एकतानगरच्या गाडीचंही तेच, तिथे पोटात विजेची मोटर.

खरं इंजिन चालवणं शक्य नाही, असं म्हणू नका. लीड्सला 1855 साली बनलेली 'फेअरी क्वीन' 1997 मध्ये पुन्हा पर्यटकांची गाडी ओढायला लागली. दिल्लीहून थेट अलवर! निलगिरीच्या वाफेच्या गाडीत तर मी स्वतः बसलोय. तिथे इंजिन मागून ढकलतं. कल्लार सोडलं की रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते आणि साडेबारा फुटांना एक फूट असा चढ. हिलग्रोव्हला गाडी पाण्यासाठी थांबली, तेव्हा उतरून इंजिनापाशी गेलो. दोन हातांवरूनही तोंडाला धग लागत होती. गरम तेलाचा आणि ओल्या वाफेचा वास नाकात बसला तो कुन्नूरपर्यंत.

आजी सांगायची, आजोबांचा सदरा कितीदाही धुवा, पाणी काळंच. त्या सदऱ्याला वास कसला येत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

खर्च आहे, मान्य. बॉयलर तपासावा लागतो, गाडी सुटायच्या कितीतरी तास आधी आग पेटवावी लागते, सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. आणि बेलचा कसा मारायचा हे ज्यांच्या हातात होतं, ती माणसं एकेक करून चाललीत. मला तर याचीच जास्त घाई वाटते.

माथेरानच्या लाइनीसाठी 1907 च्या सुमारास जर्मनीहून चार इंजिनं आली होती. टोकाची चाकं जराशी इकडेतिकडे सरकायची, म्हणून ती वळणं जमायची. त्यातलं एक नेरळला रंग लावून उभं केलंय. लोक सेल्फी काढतात.

खरं इंजिन रोज नकोच. हिवाळ्यातले चार रविवार द्या. वरपर्यंतही नको, वॉटर पाइप स्टेशनपर्यंत बास. नावच बघा की! इंजिन तिथे पाणी पिईल, आम्ही वडापाव खाऊ आणि परत नेरळ. तिकीट हजार ठेवा, मी पांढरा सदरा घालून येतो.