नास्तिकतेला धर्माचा रकाना नको

‘नास्तिकता हाही एक धर्मच आहे’ हे विधान हल्ली मला दोन वेगळ्या तोंडांतून ऐकू येते. एक तोंड आस्तिकाचे असते. देव नाही हे तुम्हाला तरी कुठे सिद्ध करता येते, म्हणजे तुमचीही ती श्रद्धाच झाली, असा तो टोला असतो आणि बहुतेक वेळा तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा लग्नाच्या पंगतीत, वाद एकदाचा मिटावा म्हणून हाणलेला असतो. दुसरे तोंड आमच्याच गोटातले आहे. धर्म म्हणून मान्यता मिळाली तर नास्तिकांना घटनेचे संरक्षण मिळेल, फॉर्मवर जागा मिळेल, आपली संख्या मोजली जाईल, आपल्या संस्था काढता येतील, असे काही नास्तिक मित्र मनापासून म्हणतात. टोल्याला उत्तर देणे सोपे आहे. मागणीला विरोध करणे अवघड आहे, कारण ती करणाऱ्यांची गरज खरी आहे. तरीही माझा तिला विरोध आहे, आणि तो का, हे जरा विस्ताराने लिहिते.

टोल्याचे आधी बघू. देव नाही हे माझे मत आहे. ते चुकीचे असू शकते, आणि मी ते हट्टाने मांडते असे माझे घरचे म्हणतात, तेही खोटे नाही. पण मत हट्टाने मांडले की त्याचा धर्म होतो, असे असेल तर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत केवळ पार्किंगवरून सात-आठ धर्म स्थापन व्हायला हरकत नाही.

यावर आमच्याकडून दिले जाणारे ठरलेले उत्तर मात्र मला पटत नाही. ‘आम्ही देव मानत नाही, मग आमचा धर्म कसला?’ हे ते उत्तर. देव मानणे ही धर्माची कसोटी आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे आणि निदान भारतात तरी ते टिकत नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिरूर मठाच्या खटल्यात (आपले पुणे जिल्ह्यातले शिरूर नव्हे, उडुपीकडचे) स्पष्ट म्हटले की धर्म ईश्वरवादी असलाच पाहिजे असे नाही. बौद्ध आणि जैन हे ईश्वर न मानणारे धर्म या देशात सर्वांना माहीत आहेत. त्याच्या दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. देव नाकारून माणसे धर्मात प्रवेश करत होती.

ईश्वराशिवायचा धर्म कसा दिसतो हे मुंबईकराला पुस्तकात शोधावे लागत नाही. ६ डिसेंबरला दादरला उतरावे आणि चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रांगेच्या कडेने चालत जावे. पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे, हातात मेणबत्ती आणि हार, विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभराच्या प्रवासाने आलेली, डोक्यावर वळकटी घेतलेली कुटुंबे, कुठेतरी सुरू असलेले त्रिशरण आणि पंचशील, आणि शिवाजी पार्कात मांडलेले पुस्तकांचे स्टॉल. तिथे दीक्षा आहे, संघ आहे, विहार आहे, जन्म-लग्न-मृत्यूचे विधी आहेत, आणि मुख्य म्हणजे ‘आम्ही’ म्हणताना नेमके कोण हे प्रत्येकाला ठाऊक आहे. या सगळ्यापुढे आमची नास्तिकता ठेवून बघा. आमच्याकडे दीक्षा नाही, कारण आत यायला दारच नाही. विधी नाहीत. माणूस गेला की देहदान करायचे की विद्युतदाहिनी, दहावा-तेरावा करायचा की शोकसभा, याबद्दल दोन नास्तिक भावंडांत भांडण होते, आणि ते सोडवायला कोणताही नास्तिक ग्रंथ उपयोगी पडत नाही.

ऑरोविलच्या (योगी अरविंदांच्या विचारांवर पुदुच्चेरीजवळ वसवलेल्या नगरीच्या) प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक संप्रदाय कशाला म्हणावे याच्या तीन खुणा सांगितल्या: समान श्रद्धा, समान संघटना आणि स्वतःचे वेगळे नाव. योगी अरविंदांच्या अनुयायांचा आश्रम, साधना आणि ग्रंथसंपदा असूनही त्यांचा संप्रदाय धार्मिक ठरला नाही. मग आमचे काय? भगतसिंग नास्तिक होते आणि समाजवादी होते. ब्रिटिश संसदेतले चार्ल्स ब्रॅडलॉ नास्तिक होते आणि समाजवादाचे कट्टर विरोधक होते. र. धों. कर्वे याच मुंबईतून १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवत राहिले आणि संततिनियमनावर लिहून खटले अंगावर घेत राहिले. तिघांना एका खोलीत बसवले असते तर देव नाही, यावर दोन मिनिटांत एकमत झाले असते आणि उरलेली रात्र भांडणात गेली असती.

ब्रॅडलॉंचे नाव मुद्दाम घेतले, कारण आमच्या मित्रांच्या मागणीला त्यांच्याकडून चांगले उत्तर मिळते. १८८० मध्ये ते नॉर्दम्प्टनमधून निवडून आले. ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याऐवजी साधी प्रतिज्ञा करू द्या, एवढेच त्यांनी मागितले. ते नाकारले गेले. पुन्हा पुन्हा निवडून येऊनही त्यांना संसदेत कायमचे बसता आले ते १८८६ मध्ये, आणि दोन वर्षांनी प्रतिज्ञेचा पर्याय देणारा कायदा झाला. पुढे १८८९ च्या डिसेंबरमध्ये हेच गृहस्थ काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनासाठी मुंबईत आले होते. माझ्या नास्तिकतेला धर्म म्हणा म्हणजे मला धर्माच्या सवलती मिळतील, असे त्यांनी मागितले नाही. नागरिकाला संसदेत बसायला देवाची साक्ष लागू नये, अशी त्यांची मागणी होती. आज आपल्या घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ हे दोन पर्याय शेजारी-शेजारी आहेत, आणि दुसरा निवडणाऱ्याला त्याचा धर्म कोणी विचारत नाही.

आता मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल, जो आमच्या गोटात सतत सांगितला जातो आणि बहुधा अर्धवट सांगितला जातो. काही नागरिकांनी राजपत्रात आपली नोंद ‘कोणताही धर्म नाही’ अशी व्हावी म्हणून अर्ज केले होते आणि शासकीय मुद्रणालयाने ते फेटाळले होते. राज्य आणि केंद्र सरकारने याचिकेला विरोध केला, आणि ‘निधर्मी असणे’ हा धर्म किंवा धर्माचा प्रकार मानता येणार नाही, असा युक्तिवाद केला. न्या. अभय ओक आणि न्या. अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सांगितले की कोणतीही शासकीय यंत्रणा कोणाला धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही, आणि आपला कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

यातल्या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली, याचिकाकर्ते नास्तिक नव्हते. त्यांची येशूवर श्रद्धा होती. ख्रिस्ती किंवा अन्य कोणत्याही धर्माचे आपण आहोत हे मात्र त्यांना मान्य नव्हते. श्रद्धा असून धर्म नसणे आणि धर्मात राहून श्रद्धा नसणे, या दोन्ही गोष्टी माणसांच्या आयुष्यात सर्रास असतात. सरकारी फॉर्मला फक्त त्या दिसत नाहीत. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यानेही हाच घोळ घातला होता. त्या कायद्याखाली लग्न करायचे तर वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणत्याही धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे, मग मनात ईश्वरभक्ती कितीही असो. १९५४ च्या कायद्यात ही भानगड उरली नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सरकारी युक्तिवादातले वाक्य बरोबरच होते. धर्म नसणे हा धर्माचा प्रकार नाहीच. चुकला तो त्यातून काढलेला निष्कर्ष, की मग अशा माणसाला हक्कही नाही. न्यायालयाने नास्तिकतेला धर्माचे प्रमाणपत्र दिले नाही, कारण त्याची गरजच पडली नाही. अनुच्छेद २५ मध्ये धर्माच्या आचरणाआधी सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य लिहिलेले आहे, आणि न मानण्याला तेवढा आधार पुरतो. अमेरिकेत २००५ साली विस्कॉन्सिनमधल्या एका कैद्याला तुरुंगात नास्तिकांचा अभ्यासगट चालवायचा होता, तेव्हा तिथल्या अपील न्यायालयाला नास्तिकता ही घटनेच्या प्रयोजनापुरती धर्मच आहे असे म्हणावे लागले, कारण त्यांच्या घटनेत शब्द आहे तो धर्माचा. आपल्याकडे त्यासाठी वेगळी जागा असताना उसना उपाय कशाला?

मित्रांच्या मागणीने प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते, हे तर कोणी बोलतच नाही. १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश आज असे सांगतो की हिंदू, शीख किंवा बौद्ध यांहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. शीख १९५६ मध्ये आणि बौद्ध १९९० मध्ये त्यात आले. आता नास्तिकता हा ‘वेगळा धर्म’ ठरवला, तर दलित नास्तिकाने तसे जाहीर करताच त्याच्या जातीच्या दाखल्यावर बोट ठेवायला कोणालाही जागा मिळेल. तो धर्मच नाही असे असेल, तर आदेशातले शब्द त्याच्या आड येत नाहीत. माझ्यासारखीला हे सुचायला उशीर लागतो, कारण माझ्या नास्तिकतेची मला किंमत मोजावी लागत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा मुसलमान, ख्रिस्ती, पारशी आणि ज्यू नसलेल्या जवळजवळ सर्वांना आपल्या कक्षेत घेतो. वारशाच्या कायद्याचेही तसेच. मी गणपतीला नमस्कार करो वा न करो, वडिलांच्या घरातला माझा वाटा तेवढाच राहतो. केरळमध्ये मुस्लिम कुटुंबात जन्मलेल्या आणि श्रद्धा सोडलेल्या एका स्त्रीला मात्र, आपल्याला व्यक्तिगत कायद्याऐवजी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू व्हावा, म्हणून सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. तिला नवा धर्म नको आहे. जन्माच्या धर्माचा कायदा आपल्यामागून येऊ नये, एवढेच तिचे म्हणणे आहे.

शिवाय धर्म म्हटले की भावना आल्या. धार्मिक भावना दुखावल्याचे कलम, जे पूर्वी २९५-अ होते आणि आता न्याय संहितेत २९९ आहे, ते मग आम्हालाही लागू करावे लागेल. कोणी कीर्तनात नास्तिकांची टिंगल केली म्हणून आमचे पदाधिकारी पोलीस ठाण्यात निवेदन घेऊन गेले आहेत, हे चित्र मला तरी बघायचे नाही. आमच्यात पदाधिकारी व्हायला उत्सुक असलेले मात्र पुष्कळ आहेत, हेही सांगून टाकते.

फॉर्मची अडचण उरतेच आणि ती मी नाकारत नाही. मुलाच्या प्रवेशाच्या वेळी एका कॉलेजच्या ऑनलाइन अर्जात धर्माच्या रकान्यापुढे लाल चांदणी होती आणि यादीत ‘नाही’ हा पर्याय नव्हता. काउंटरवरच्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या. “मॅडम, हे भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही हो,” म्हणाल्या, आणि आडनाव बघून त्यांनी स्वतःच ‘हिंदू’वर क्लिक केले. २०१४ च्या निकालाचे कात्रण दाखवून त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. यादी त्यांनी बनवली नव्हती. हे दुरुस्त व्हायला नास्तिकतेला धर्माचा दर्जा लागत नाही. चांदणी काढायची आणि यादीत एक ओळ घालायची, एवढेच काम आहे, आणि त्याचा फायदा त्या येशूभक्त याचिकाकर्त्यांनाही होईल, ज्यांना ‘नास्तिक’ नावाच्या धर्मात टाकलेले मुळीच आवडणार नाही.

काही जण म्हणतील, दादाच्या गिरगावातल्या घरी दीड दिवसाच्या गणपतीत आरतीचे ताट धरणारी ही बाई कसली नास्तिक? मी ताट धरते, मोदक वळते, टाळ्या वाजवत नाही, आणि वहिनीला त्याचे काही वाटत नाही. धर्म बदललेल्या माणसाला तिथे उभे राहताना विचार करावा लागला असता. मला लागत नाही, कारण मी कुठे दुसरीकडे गेलेलीच नाही.

जनगणना २०२७ मध्ये आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात स्वतःला नास्तिक लिहवून घेणारे सुमारे ३३ हजार निघाले, तर ज्यांच्या धर्माची नोंदच नाही असे २८ लाखांवर होते. पहिला आकडा खरा वाटत नाही, पण त्याचा दोष प्रगणकांना देता येणार नाही. सांगितले जाईल ते त्यांनी लिहायचे असते, आणि सांगतो तो दार उघडणारा, सगळ्या घराच्या वतीने. आमच्याकडे दुपारच्या वेळी दार सासूबाई उघडतात. त्यांच्या नोंदीत त्यांना हवे ते लिहिले जावे. माझ्या नोंदीच्या वेळी मला फोन करा, असे त्यांना सांगून ठेवले आहे, आणि मी ‘नास्तिक’ न सांगता ‘धर्म नाही’ असे सांगणार आहे.