टाकी भरली म्हणजे झालं असं नसतंय हो

लेखात लिहिलंय की घरचा स्विमिंग पूल एकदा बांधला की मग फक्त क्लोरीनचा खर्च, हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमचा विजापूर रोडला 24 बाय 12 फुटांचा पूल आहे, खोली 4 फूट, म्हणजे साधारण 32 हजार लिटर पाणी, दहा हजारी टँकर धरले तर तीन लागतातच. आणि सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको, एप्रिल-मे मध्ये पाणी डोळ्यांदेखत उडतं, लेव्हल 1 सेंटीमीटर जरी खाली गेली तरी अडीचशे लिटरच्या वर पाणी गेलं की! इथं गावात नळाला रोज पाणी येत नाही, लोक घागरी भरून ठेवतात, त्यामुळं मला खरंच जिवाला लागतं ते.

बोअरचं पाणी टाकलं तर ते जड, टाइल्सवर पांढरा थर बसतो, पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, वर जातो (7.2 ते 7.6 मध्ये ठेवायचा असतो), मग अ‍ॅसिड आणा. क्लोरीन पण उन्हानं लवकर उडतं म्हणून ते संध्याकाळी टाकायचं. पाणी फिल्टरमधून फिरवणारी 1 एचपीची मोटर 8 तास चालली तर दिवसाला 6 युनिट, महिन्याला 180. फिल्टरची वाळू पाच-सात वर्षांनी बदलायची ते वेगळंच.

ज्यांचं ठरलंच आहे त्यांनी पाणी उडू नये म्हणून पूल झाकायचं कव्हर मात्र पहिल्या दिवसापासून घ्या, आम्ही दोन उन्हाळे उशिरा घेतलं.