वेटिंगमध्ये असतानाच ग्रुपला या, आणि आजी-आजोबांनाही आणा

दत्तक घ्यायचं ठरलंय, कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या पोर्टलवर रजिस्ट्रेशन पण झालंय, आता बाळ घरी आलं की बघू त्या दत्तक पालकांच्या सपोर्ट ग्रुपचं, असं बरेच जण म्हणतात आणि मला ते अजिबात पटत नाही. खरी गरज वेटिंगमध्येच असते. लहान बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं सहज जातात, होम स्टडी, म्हणजे घरी येऊन आपली चौकशी, कधीच होऊन गेलेली असते आणि आपण नुसतं पोर्टल उघडून नंबर किती सरकला ते बघत बसायचं, त्यात प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारणार, काय झालं गं तुमचं?

आणि मग एक दिवस रेफरल येतो, म्हणजे आपल्यासाठी सुचवलेल्या बाळाची माहिती, हातात ४८ तास. बाळाचा फोटो, मेडिकल रिपोर्ट बघून तेवढ्यात कळवायचं. आमच्या लेकीचं जन्माचं वजन पावणेदोन किलो वाचून माझे हातपायच गळाले. ग्रुपवर मेसेज टाकला तर नौपाड्यातल्या एका ताईंचा रात्रीच फोन, म्हणाल्या घाबरू नकोस, माझी पण एवढीशीच होती, सकाळी रिपोर्ट घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि विचार की डोक्याचा घेर वयाप्रमाणे वाढतोय का, मान धरली का, आवाजाकडे बघते का. निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा, पण त्या वेळी काय विचारायचं तेच सुचत नाही हो!

पण मला जास्त बोलायचंय ते आजी-आजोबांबद्दल. सासूबाईंच्या मनात धाकधूक होती, बोलायच्या नाहीत पण दिसायचं. आम्ही कितीही समजावलं तरी शेवटी ते मुला-सुनेचंच बोलणं. मग वर्तकनगरच्या मीटला त्यांना आग्रहाने नेलं. तिथे कळव्याच्या एक आजी नातीची वेणी घालत बसल्या होत्या, सासूबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या ते जेवणाची पानं मांडेपर्यंत उठल्याच नाहीत. काय बोलल्या ते मला आजवर माहीत नाही. येताना मात्र गोखले रोडला रिक्षा थांबवून त्यांनी पिवळी लोकर घेतली.

बाळाला तू दत्तक आहेस हे अगदी लहानपणापासून गोष्टीसारखं सांगत राहायचं असतं, आणि दिवसभर बाळ आजीकडे असेल तर ती गोष्ट आजीलाही मोकळेपणाने सांगता आली पाहिजे ना! पुढे शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट येतो तेव्हा घरातले सगळे एकच बोलत असले की पोरं गोंधळत नाहीत.

अजून एक, ज्येष्ठांकडची माहिती जुनी असते. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्ट नाही, जिल्हाधिकारी देतात, हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. आणि ओळखीने बाळ मिळवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर लांबच राहा, तो सरळसरळ गुन्हा आहे. चांगल्या ग्रुपमध्ये असला मेसेज आला की अॅडमिन त्या माणसाला लगेच काढतात.

ठाणे, कळवा, नवी मुंबईतलं कुणी असेल तर मला इनबॉक्स करा, पुढच्या मीटचं कळवते. रजिस्ट्रेशन झालेलं नसलं, नुसतं मनात चाललेलं असलं तरी या.