‘तेव्हा कॅमेरे होते का?’

ऐतिहासिक सिनेमातल्या पोशाखावर कुणी बोट ठेवलं की एक मेसेज हमखास फिरतो: ‘तेव्हा कॅमेरे नव्हते, खरं कुणी पाहिलंय? खरे कपडे पडद्यावर फिके दिसले असते. कपड्यालत्त्याच्या किरकोळ चुका काढू नका, कलेचं स्वातंत्र्य असतं.’

कॅमेरे नव्हते, चित्रकार होते. शिवरायांची समकालीन चित्रं आहेत. पेशवाईबद्दल तर बोलायलाच नको. जेम्स वेल्स हा चित्रकार १७९०च्या दशकात पुण्यात होता. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना रंगवलंय, अंगात पांढरे तलम अंगरखे. आपल्या सिनेमातले कारभारी मात्र भर उन्हाळ्यात मखमलीत घामाघूम!

फिकेपणाचं म्हणाल तर नीळ, मंजिष्ठा, आल, कुसुंबा या वनस्पतींच्या रंगांना फिकं म्हणणाऱ्याने ते पाहिलेलेच नसावेत. त्यामुळे गुलाबी साडी दिसली की लगेच ‘चूक’ म्हणून ओरडणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं, कुसुंब्यातून झकास गुलाबी निघतो. पण रसायनातून काढलेला भडक जांभळा? तो शोध १८५६चा. पेशवाई बुडून तोवर अडतीस वर्षं झाली होती.

राहिला ‘किरकोळ’चा मुद्दा. पेशवाईतली ब्राह्मण विधवा सिनेमात कशी दिसते? पांढरीशुभ्र साडी, पाठीवर मोकळे केस, डोळ्यांत पाणी. प्रत्यक्षात तिचं केशवपन व्हायचं. न्हाव्यापुढे बसून डोकं भादरून घ्यायचं, मग अंगावर लाल आलवण आणि त्याचाच पदर बोडक्या डोक्यावरून पुढे ओढलेला. हे चित्र अगदी विसाव्या शतकापर्यंत आपल्या घरांत होतं, कित्येकांच्या आज्यांनी पाहिलंय. पांढरी साडी नेसवली की तो सगळा जाच पुसला जातो आणि उरते एक देखणी दुःखी बाई. याला किरकोळ कसं म्हणायचं?

सवाष्णीचंही तेच. दरबारात चारचौघांत केस मोकळे सोडून वावरणं तेव्हा अशुभच मानलं असतं, खोपा हवा. चोळीची गाठ पुढे असायची. पाठीवर नाड्या आणि लटकन कुठून आले, ते वेशभूषाकारालाच ठाऊक.

स्वातंत्र्य जरूर घ्या. पण मग ट्रेलरबरोबरच्या मुलाखतीत ‘आम्ही दोन वर्षं सखोल संशोधन केलं’ असं सांगू नका.