शर्यत अर्धवट सोडण्याची पूर्वतयारी

शर्यत पूर्ण करणं कुणालाही जमतं. पाणी-तेल तपासायचं, नट आवळायचे, रात्री वेळेवर झोपायचं, झालं. पण पूर्ण केलेल्या शर्यतीबद्दल सोमवारी ऑफिसात सांगायला काही उरत नाही. 'सातवा आलो' म्हटलं की समोरचा 'अरे वा' म्हणतो आणि चहाला निघून जातो. याउलट 'तिसरा चाललो होतो, आणि नेमकं चौथ्या लॅपला...' असं वाक्य सुरू करून बघा. चहावाले माघारी येतात. तेव्हा हौशी रेसरने मेहनत घ्यायची ती या वाक्याच्या पुढच्या भागासाठी. तो आयत्या वेळी सुचत नसतो, त्याची तयारी आधी महिनाभर गॅरेजात करावी लागते.

जागेचं आधी बोलू. मुंबईत ओव्हल म्हणजे चर्चगेटचं मैदान, तिथे क्रिकेट. दुसरा लंबगोल महालक्ष्मीला, तो १८८३ पासून घोड्यांकडे आहे. गाड्यांचे पक्के ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडाला. तुमच्या वाट्याला येणार ते पनवेलच्या पलीकडचं भरावाचं मैदान: जुने टायर रचून, चुन्याची फक्की मारून आखलेला मातीचा लंबगोल, घड्याळाच्या उलट्या दिशेने, म्हणजे सगळी वळणं डावी. (मध्यरात्री मरीन ड्राइव्हवर हौस भागवणाऱ्यांनी हा लेख वाचायची गरज नाही. त्यांच्यासाठी मोटार वाहन कायद्यात कलम १८९ आहे.)

गाडी मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चाळिशीच्या आतली हॉर्सपॉवर, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. पार्ट कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतात. तिथे 'ओरिजिनल है क्या?' असं विचारायची पद्धत आहे; उत्तर ऐकायची नाही.

पैसे खर्च करायचा क्रम महत्त्वाचा. आधी स्टिकर. मग सायलेन्सर कापून मोठ्या तोंडाचा पाइप, म्हणजे आवाज दीडशे हॉर्सपॉवरचा आणि खालच्या आरपीएमला होता तो दमही गेला. मग स्पॉयलर, जो पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या बाजूला ताशी साठच्या वेगात फक्त सावली पाडतो. मग मूळ फिल्टरचा डबा फेकून त्या जागी उघडा कोन फिल्टर. डब्याची नळी बाहेरची हवा घ्यायची, कोन बॉनेटखालची गरम हवा घेतो, आणि मातीच्या ट्रॅकवर पुढच्या गाडीने उडवलेली सगळी धूळही त्याच्याच अंगावर येते. त्यातली त्याने सोडलेली सिलिंडरच्या भिंती घासत बसते. दोन-तीन शर्यतींत पिस्टनच्या रिंगा झिजतात, गाडी निळा धूर सोडायला लागते आणि मागच्याला तुम्ही दिसत नाही. एवढं सगळं झाल्यावर पाकिटात जे उरेल ते ब्रेकसाठी.

आता मुख्य विषय: गाडी गरम होणं. याच्याइतकं भरवशाचं कारण दुसरं नाही, म्हणून जरा सविस्तर.

पहिली पायरी, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकणे. मिस्त्री स्वतःहून म्हणतो, 'निकाल देता हूँ साब, ठंडी रहेगी.' काढू द्या. मग गाडी तापायला उशीर लागतो, तोवर चोक ओढून चालवावी लागते, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. मूळ दुखणं रेडिएटर चोंदल्याचं असेल, तर ते जागच्या जागी राहतं आणि भर शर्यतीत गाडी गरम व्हायची तेव्हा होतेच. एका कामात दोन बिघाड.

दुसरी पायरी, कूलंटऐवजी बोअरचं पाणी. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घालणाऱ्यांचे रेडिएटर वर्षानुवर्षं टिकतात. तशांना सोमवारी बोलायला काही नसतं. बोअरच्या पाण्याचा क्षार बारीक नळ्यांत घट्ट बसतो. तिसरी, रेडिएटरची कॅप. ०.९ बारची कॅप धडधाकट असेल तर आतलं पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. तिचं रबर कडक झालं, स्प्रिंग सैल झाली, की पाणी शंभरीच्या जरा पुढेच उकळायला लागतं. म्हणून कॅप बदलायची नाही. रेडिएटरच बदलायचा, आणि त्यावर जुनी कॅप लावायची.

चौथी पायरी सगळ्यांत स्वस्त. रेडिएटरच्या रबरी होजपाइपचा क्लॅम्प. थंड गाडीचा होज क्लॅम्पजवळ बोटांनी दाबून बघा. आतून करकर आवाज आला किंवा टोकाशी बारीक भेगा दिसल्या, तर तो तुमच्या कामाचा आहे. त्यावर गंजलेला क्लॅम्प तसाच ठेवा आणि स्क्रू-ड्रायव्हरने अर्धा फेरा जास्त आवळा, म्हणजे पट्टी रबरात रुतेल. दोन वडापावच्या पैशांत नवा क्लॅम्प येतो, पण स्टिकरवाल्याचं बिल देऊन झाल्यावर तेवढेही उरत नाहीत, हे आम्ही समजू शकतो.

आता ट्रॅकवर. होज सुटला की पाणी पाच-दहा सेकंदांत बाहेर. टेंपरेचरचा काटा आधी झपकन चढतो आणि मग, इथे लक्ष द्या, खाली येतो. त्या काट्याच्या सेन्सरला पाणी लागलं तरच तो तापमान सांगतो. पाणीच नसेल तर तो निवांत पडून राहतो. काटा खाली आला म्हणजे गाडी थंड झाली, असं मनाशी धरून पाय आणखी दाबा. एका लॅपनंतर इंजिन जड व्हायला लागेल. बाहेर या, बॉनेट उघडा, तापलेल्या इंजिनावर बिसलेरीची गार बाटली ओता. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे, वाकायला फार आग्रह करावा लागत नाही.

वाकलेल्या हेडची परीक्षा सोपी आहे. सरळ काठाची पट्टी आडवी-तिरकी ठेवायची आणि खाली फीलर गेज सरकवायचा. ०.०५ मिमीचं पातं सहज आत गेलं की हेड लेथवर नेऊन फेसिंग करून, म्हणजे सपाट करून आणायचं. ही परीक्षा घेऊ नका. हेड तसंच बसवा, जुनीच गॅस्केट पुसून घाला, आणि बोल्ट आवळताना कडेपासून सुरुवात करून मधे या. पुस्तकात मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने असं लिहिलेलं असतं. मिस्त्रीच्या मनगटाचा विश्वास महत्त्वाचा. ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखं काही दिसायला लागलं, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलं, की पुढच्या शर्यतीचं कारण आपोआप तयार झालं.

गरम होण्याचा एक धाकटा भाऊही आहे. उन्हाळ्यात पेट्रोल फ्युएल पंपाजवळच उकळतं, नळीत वाफ अडकते, गाडी स्टार्टिंग लाइनवर बंद पडते आणि वीस मिनिटांनी काही न झाल्यासारखी चालू होते. पद्मिनी टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली आणि ते फडकंही गेलं. तुम्ही ते आणू नका, नाहीतर शर्यत सुरू होईल.

सगळी वळणं डावी असण्याचे फायदे बरेच आहेत. अमेरिकेतल्या ओव्हलवरही गाड्या डावीकडेच वळतात, पण तिथे ड्रायव्हरही डावीकडे बसतो, वजन आतल्या बाजूला पडतं. आपण उजवीकडे, म्हणजे ऐंशी किलोचे तुम्ही नेमके बाहेरच्या चाकांवर. दिशा उलटी करा, असं आयोजकांना सुचवायला हरकत नव्हती. पण मग पुढचा उजवा टायर वाचेल. त्याच्यावरच सगळा भार येतो, म्हणून तो निवडताना टायरच्या बाजूवरचा शेवटचा चार आकडी कोड बघा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३११ म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. असा टायर सापडला की पुढे उजवीकडेच लावा. जाणकार लोक त्या चाकाला निगेटिव्ह (वरची कड आत झुकलेली) आणि डाव्याला पॉझिटिव्ह (वरची कड बाहेर झुकलेली) कॅम्बर देतात. तुम्ही कॉम्प्युटराइज्ड अलाइनमेंट करून दोन्ही चाकं सरळ करून घ्या आणि त्याची छापील स्लिप डॅशबोर्डवर चिकटवा.

लांबलचक डाव्या वळणात संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं, ऑइल उजवीकडे चढतं. मुळात तीन लिटरच्या आत-बाहेर ऑइल. ते बाजूला गेलं की पंपाची जाळी हवा ओढते. खूण म्हणजे वळणात ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो आणि सरळ रस्त्यावर विझतो. संपमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या आणि ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेवलं तर हे टळतं. तुम्ही दिव्याचा बल्ब काढा. काही लॅपनंतर खालून ठकठक ऐकू येईल. ते बिग एंड बेअरिंग, पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्टला जोडतो तिथलं. सोमवारी सांगायला 'बेअरिंग गेलं' हे 'होज सुटला'पेक्षा कितीतरी भारदस्त आहे, त्यामुळे ज्यांना परवडतं त्यांनी थेट इथूनच सुरुवात करावी.

वजन कमी करायला मागची सीट, स्टेपनी, कार्पेट सगळं काढा. पुढच्या चाकांना ओढायला लावलेली गाडी मागे अशी रिकामी झाली, की वळणाच्या मधोमध घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच शेपूट पुढे यायला बघते. तेव्हा ब्रेक मारायचा.

आणि ब्रेकचं पैशापायी राहून गेलं होतं, ते आता. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं. नवं डॉट ३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी शोषलेलं १४० च्या पुढे कधीही. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. मुंबईतले दोन पावसाळे खाल्लेलं ऑइल म्हणजे दुसरा आकडा. पाचव्या-सहाव्या लॅपला पॅडल स्पंजासारखं होतं आणि मग थेट जमिनीला टेकतं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरू करून, चारही चाकांनी नवं ऑइल स्वच्छ निघेपर्यंत ब्लीडिंग करायला दोन माणसं, एक पारदर्शक नळी आणि अर्धा-पाऊण तास लागतो. एवढा वेळ कुणाला आहे? एलईडी पट्टी लावायची राहिलीय.

रोल केजबद्दल, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणाऱ्या आतल्या नळ्यांच्या पिंजऱ्याबद्दल, मात्र थट्टा जरा बाजूला ठेवून सांगितलेलं बरं, म्हणजे कोणती नक्कल करायची हे कळेल. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य हूपसाठी, म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या कमानीसाठी, सीमलेस (बिनजोडाची), कोल्ड ड्रॉन नळी लागते, ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिमी. तुमच्या गल्लीतला ग्रिलवाला जी लावेल ती खिडकीच्या ग्रिलचीच असेल, आतून जोड असलेली. गाडी उलटली की जोडावर उघडते आणि टोक आत येतं. ती लावण्यापेक्षा नुसता छताचा पत्रा बरा. हेल्मेट स्कूटरचं आणि फायर एक्स्टिंग्विशर सीटखाली सुटा घरंगळत असेल, तर शर्यतीआधी गाड्या तपासणारा स्क्रूटिनीवाला तुम्हाला गेटवरच अडवील. त्याच्याशी भांडू नका. दिवसभरात त्या मैदानावर तुमच्या बाजूने विचार करणारा तो एकटाच असतो.

मैदानापर्यंत गाडी टोइंगवर नेणं हा पळपुटेपणा. चालवतच न्या. ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना वाशीचा टोल माफ आहे, पण मानखुर्दच्या सिग्नलला ती गरम होईल. अटल सेतूने गेलात तर टोल भरून २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. तिथे बंद पडली तर शर्यतीपर्यंत जायचीही गरज नाही, कारण तयार. सोबत चार मित्र घ्या आणि प्रत्येकाचं मत घ्या. पान्यांच्या सेटमध्ये १०-११ चा नसणार, तो आधीच्या वेळी बॅटरीच्या खाली पडला होता. बॅटरीचा क्लॅम्पही तिथेच आहे.

शर्यत सुरू झाल्यावर झेंड्यांकडे लक्ष असू द्या. लाल-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा म्हणजे ट्रॅकवर तेल सांडलंय. आरशात बघा, बहुतेक तुमचंच असेल. काळ्या झेंड्यावर नारिंगी गोळा आणि शेजारी तुमचा नंबर दिसला, तर तुमच्या गाडीत धोकादायक बिघाड आहे, ताबडतोब पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागी) या, असा त्याचा अर्थ. बहुतेक झेंडे सगळ्यांसाठी असतात, हा फक्त तुमच्यासाठी. मित्राला सांगून फोटो काढून ठेवा.

मग सोमवारचं वाक्य. यात उतरंड असते. बेअरिंग, गिअरबॉक्स, हेड ही खानदानी कारणं. क्लच केबल, फॅन बेल्ट मध्यमवर्गीय. पेट्रोल संपलं, चाकाचे नट आवळायचे राहिले, ही घरीसुद्धा सांगू नयेत. होजचा क्लॅम्प सुटला असेल तर 'कूलिंग सिस्टिम फेल' म्हणावं, आणि कुणी 'म्हणजे नक्की काय?' विचारलंच तर फोन आल्याचं नाटक करावं.

शेवटी गाडी विकायला काढाल. जाहिरातीत सिंगल हँड, इंजिन चकाचक, नुकतंच ओव्हरहॉल असं सगळेच लिहितात. तुम्ही खरं तेच लिहा: गाडी बहुतांशी डावीकडेच वळवलेली आहे, उजवीकडचं वळण जवळजवळ कोरं.